अकिम्बो म्हणजे कमरेवर हात

४ मार्च
मूर्ख मुलगी! यांच्या हातासाठी येते, फिजिओथेरपिस्ट म्हणे! “आजोबा, डॉक्टरांनी सांगितलंय, आर्म्स अकिम्बो,” आणि स्वतः छातीवर हाताची घडी घालून उभी! अकिम्बो म्हणजे दोन्ही हात कमरेवर, कोपरं बाहेर. आमच्या कॉन्व्हेंटच्या फाटकात सिस्टर तशा उभ्या राहायच्या — उशिरा येणाऱ्या मुली लांबूनच मागे वळायच्या.

सांगितलं तिला. तर हसली! “आजी, हा इंग्लिशचा तास नाहीये.”

५ मार्च
लेकीचा फोन. “आई, शब्दांचा कीस पाडू नकोस गं. घरी येणारं कुणी मिळत नाही.” म्हणून काय वाटेल ते चालवून घ्यायचं?

८ मार्च
आज नीट पाहिलं आणि डोकंच फिरलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून यांचा डावा हात नुसता लोंबतो. घडी घालताना हे तो उजव्याने उचलतात आणि काखेत दाबून टाकतात. लबाड! डावा फुकटात बसून राहतो आणि ही टाळ्या वाजवते — “व्वा आजोबा!” कमरेवर ठेवायचा तर त्याला स्वतःहून वर यावं लागलं असतं. म्हणजे इतके दिवस पाण्यात!

“अगं, तू यांचा हात घालवशील,” मी म्हणाले. पर्स उचलून गेली.

९ मार्च
आली नाही. लेक म्हणाली, “घालवलीस ना?” हो. घालवली.

१५ मार्च
आता मीच. रोज यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहते. हे तोंड फिरवतात. जीभ जड झाली तरी “हेड...बाई” तेवढं बरं सुटतं! मी शाळेतून निवृत्त झाले, नाव काही सुटलं नाही.

डावा हात तसाच. ओरडले यांच्यावर. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. शब्द माझाच बरोबर — पण हात हललाच नाही, तर त्या बरोबर शब्दाचं काय लोणचं घालू?

१६ मार्च
पुन्हा तेच. पुन्हा काही नाही.

२ एप्रिल
दूध उतू गेलं. स्वतःलाच शिव्या घालत ओटा पुसत होते. मागून — “हेडबाई!”

वळले. स्वयंपाकघराच्या दारात हे. भुवया चढवलेल्या, ओठ आवळलेले — माझीच नक्कल! दोन्ही हात कमरेवर.

डावं कोपर जरा पडलं होतं. मी चूक काढली नाही.