फ्लेक्सवरची हिब्रू ओळ

बुधवार, संध्याकाळ. सिरसाळा.

डोकं नुसतं भणभणतंय. उद्या इस्रायलचा ठिबकवाला तज्ज्ञ गावात येणार, म्हणून सरपंच अण्णांनी स्वागताच्या फ्लेक्सचं डिझाईन माझ्या दुकानात दिलेलं. वर एक ओळ हिब्रूत पायजेच, हा हट्टही त्यांचाच. पाहुण्याच्या दुभाष्याकडून ओळ मागवली. माझ्या लिनक्सवर झकास दिसत होती. परळीच्या फ्लेक्सवाल्याला फाईल पाठवली, तर त्याच्या जुन्या विंडोजवर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन! फॉन्ट पाठवला, तर अक्षरं उलटी लागली, उजवीकडची डावीकडं. मी म्हटलं, दादा, पीडीएफ घ्या ना, त्यात काही हलत नाही.

"न्हाई ताई, ओपन फाईलच लागती. शुभेच्छुकांची नावं अजून यायलीत."

यायचीच. फ्लेक्स मशीनवर चढेपर्यंत आपल्याकडं शुभेच्छुक थांबतात कधी? दुपारभर मग तेच. फाईल पाठवा, चौकोन. पुन्हा पाठवा, पुन्हा चौकोन. शेवटी त्या ओळीचं चित्रच करून चिकटवलं, तेव्हा कुठं नीट बसली. दुभाष्यानंही फोटो बघून होकार दिला.

आत्ता चौकातून आले. फ्लेक्स लागलाय. ओळच नाही! अण्णा तिथंच उभे.

"लई नावं आली गं पोरी. जागा पुरंना, मग मीच म्हणलं, ते चित्र काढ."

मग कावून केला मी एवढा आटापिटा? चौकोन तरी राहू द्यायचे होते! पाहुण्याला वाचता येईल असं एक अक्षर त्याच्या स्वागतावर नाही. खाली कोपऱ्यात माझ्या दुकानाचं नाव मात्र ठळक आलंय.