स्फटिकाची चुळबूळ

व्होरोनेझ, १२ नोव्हेंबर १९७३

चि. वादिम यास सावेली कुझ्मिचचे अ. आ. रीत म्हणून लिहिले, मनातून नव्हे.

क्लावा तुमच्याशी भांडून माझ्याकडे आली ती खोकला घेऊनच. रात्रभर मला डोळा लागत नाही. ती सांगते, तुमच्या प्रयोगशाळेतला फेरोइलेक्ट्रिक स्फटिक थंड होताना आतून सगळा एका दिशेला वळतो. पण वळण्याआधीच त्यात जागोजागी चुळबूळ सुरू होते, आणि ते वळणे कधी व्हायचे हे त्या चुळबुळीवरही ठरते. मला यातले ओ की ठो कळत नाही. तुम्ही म्हणे ही चुळबूळ खिडकीतल्या वाऱ्याची ठरवलीत आणि तेवीस तारखेच्या सभेत क्लावाचा प्रबंध अडवणार आहात. वारा येतो हे ठाऊक आहे, तर फटी का बुजवत नाही? बायकोची छाती काय दगडाची आहे? उद्या मीच येतो.

आशीर्वादापुरताच तुमचा,
सावेली कुझ्मिच


१९ नोव्हेंबर

ती. सासरेबुवांस कोरडा सा. न.

तुम्ही खरोखरच आलात! पहारेकऱ्याला खारवलेल्या काकड्या चारून आत शिरलात, फटींत कापूस कोंबलात, वर साबणाने कागदाच्या पट्ट्या डकवल्यात. आठवडाभर आम्ही घामाने निथळतो आहोत. काडी पेटवून पाहिली, ज्योत तसूभर हलत नाही. शुक्रवारी सभा झाली की सगळ्या पट्ट्या फाडणार आहे. क्लावाचे जुने आलेख मी पाहिले आहेत, वाऱ्याने नाचलेले. नवे पाहायची गरज नाही. तुम्ही उरलेला कापूस स्वतःच्या कानांत घालावा आणि विज्ञानापासून लांब राहावे.

नाइलाजाने आपला जावई,
वादिम


२१ नोव्हेंबर

जावईबापू,

आशीर्वाद या खेपेला राहू द्या.

माझे वाचन अडखळते, म्हणून तुमचे पत्र क्लावाने वाचून दाखवले. मला वाटले रडेल. ती खोकला येईपर्यंत हसली. त्याच आठवड्यात, पट्ट्या लावलेल्या असताना, तिने प्रयोगशाळेत जाऊन पुन्हा मोजले. चुळबूळ होती तशीच, केसभरही कमी नाही. वारा नव्हता हे तर तुम्हीच सही करून कळवलेत. मग स्फटिकाला हलवले कोणी? मी तर फक्त पोरीच्या छातीच्या काळजीने पट्ट्या लावल्या होत्या.

शुक्रवारी ती नवे आलेख आणि तुमचे हे पत्र सभेपुढे ठेवणार आहे. मी घाबरून नको म्हणालो. ती ऐकत नाही. तुमच्या घरी परतायचेही नाही म्हणते.

उरलेला कापूस सोबत पाठवत आहे. सभेत लोक हसतील तेव्हा तुम्हालाच लागेल.

लोभ नसावा, ही विनंती.
सावेली कुझ्मिच