नाव येईपर्यंत कोणी उठायचं नाही

३ मे. सावदा, मामाचं घर.
आजपासून रोज डायरी लिहायची. पुढे कुणी माझ्यावर पुस्तक काढलं तर त्याला सोपं जाईल.
उद्यापासून इंटर्नशिप. धुळ्याच्या आमच्या अख्ख्या मीडियाच्या वर्गातून खऱ्या पिक्चरच्या सेटवर जाणारा मी एकटा. वर्गातली भूमिका म्हणाली, त्यांना केळीची बाग हवी होती आणि तुझ्या मामाकडे ती आहे, एवढंच. जळतात लोक. बाग सुचवायलासुद्धा नजर लागते.
पप्पांचं भडगावला ठिबकच्या नळ्यांचं दुकान. बारावीपासून माझ्यासाठी तिथे खुर्ची आणून ठेवली आहे. निघताना पप्पा म्हणाले, एक डाव तुनं नाव पडदावर दिखू दे, मग दुकानवर बस असं जन्मात म्हणणार नाही. माझ्यासाठी विषय संपला.

४ मे. दुपार. ऊन म्हणजे ऊन.
हेमलता मॅडम दिग्दर्शक. पुण्याच्या. मला बघून पहिलं वाक्य बोलल्या, बाजूला हो. आवाजात आपुलकी होती.
त्यांचे असिस्टंट नवीन सर, नावच नवीन. त्यांनी मला कंटिन्युटी दिली. हीरो-हिरॉइनचा केळीखालचा सीन आज अर्धा झाला, उरलेला सात तारखेला. मधल्या काळात फ्रेममधली एकही गोष्ट बदलता कामा नये. तेवढं सांभाळ आणि आजचे फोटो काढून ठेव, म्हणाले. सांभाळलंस तर पिक्चरमध्ये नाव.
फोटो काढले. शंभरावर असतील.

५ मे.
हीरोच्या रुमालाची गाठ डावीकडे. हिरॉइनच्या उजव्या हातात चार बांगड्या. हे सगळं माझ्या डोक्यात. जबाबदारीमुळे रात्री झोप नाही. दुपारी लागली. खुर्ची मॅडमची निघाली.
उद्यापासून दुपारी झोपायचं नाही.

६ मे. संध्याकाळ.
दुपारी झोपलो. पण जमिनीवर.
अभिमनमामा विचारायला आला. म्हणे, भाचा, घड तयार झाले, व्यापारी उद्या गाडी पाठवतो म्हनतो, भाव बरा आहे. तुमच्या पिच्चरले काही अडचण तं नाही ना? मी क्षणात विचार केला. शूटिंगच्या वेळी मजुरांची बडबड, ट्रकचा हॉर्न, म्हणजे साऊंडची वाट. मी सांगितलं, पहाटेच उरका. सातला युनिट येतं. तोवर शूटिंगच्या भागातला एकही घड झाडावर राहता कामा नये, नाहीतर दुपारी परत गोंधळ. मामा म्हणे, मॅडमले इचारलं का? म्हटलं, मामा, लोकेशन मी पाहतो.
याला प्लॅनिंग म्हणतात. कॉलेजात शिकवत नाहीत.

७ मे. सकाळी ७.१०
घड नाहीत.

७.१५
मॅडमनाही दिसलं.

दुपार.
कोणी काही म्हणो, रुमालाची गाठ बरोबर होती.
मॅडमनी विचारलं, परवानगी कुणी दिली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नवीन सर म्हणाले, हीरो संध्याकाळी मुंबईला चालला. आज सीन झाला नाही तर नाव विसर.
पण संकटात माझं डोकं चालतं. ट्रक फाट्यावरच उभा होता. व्यापाऱ्याच्या हातापाया पडून फ्रेमपुरते घड परत आणले. दोरीने झाडांना टांगायचे, बस. आधी कसे होते ते बघायला चार तारखेचे फोटो उघडले. प्रत्येक फोटोत पुढे मी, मागे हीरो. घड माझ्या केसांच्या मागे.
घडाचं एक टोक बारीक असतं, त्याला दोरी मस्त अडकते. त्या टोकाने टांगले. केळी अशी झुपकेदार खाली लोंबायला लागली की फळवाल्याचं दुकान झक मारेल. मॅडम खूप वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, छान दिसतंय.
रोल चालू असताना मामा बांधावर आला. आला तो हाताचा पंजा वर-खाली, वर-खाली करतोय. मी तोंडावर बोट ठेवलं. तरी करतोय. खेड्यातल्या माणसाला साऊंडचं महत्त्व समजवायचं कसं?
सीन एका टेकमध्ये ओके.

संध्याकाळ.
जेवताना मामाने परत घडांचा विषय काढला. म्हटलं, मामा, व्यापाऱ्याचं टेन्शन घेऊ नको, त्याचे घड त्याला पोचते करतो. मामा मामीकडे बघून हसला आणि भाकरी मोडायला लागला. माणूस समाधानी आहे.

८ मे.
नाव पक्कं. मॅडम स्वतः म्हणाल्या, त्या मुलाचं नाव वेगळ्या ओळीत टाका. मी नवीन सरांना सांगितलं, सोबत गावाचंही टाका. दुसऱ्या गावांत माझ्यासारखे चार जितेंद्र निघाले तर क्रेडिट भलत्यालाच जायचं.

१३ नोव्हेंबर.
उद्या रिलीज. जळगावच्या थिएटरात दोन रांगा आपल्याच. पप्पा, आई, मामा, मामी, मामाची गल्ली, भूमिका. सगळ्यांना बजावलं, माझं नाव शेवटी येतं. नाव येईपर्यंत कोणी उठायचं नाही.

१४ नोव्हेंबर.
हाऊसफुल. निम्मं पब्लिक रावेर-यावलकडचं, केळीच्या पट्ट्यातलं.
केळीखालचा सीन आला. हिरॉइन रडायला लागली. हीरोने तिचा हात धरला. मागून कुणीतरी म्हणालं, आरे, याचे घड उलटे लागले भो.
मग थिएटरला थांबवणारं कोणी नव्हतं. हिरॉइन जितकी रडे तितके लोक हसत. शेजारच्या रांगेतला पाच-सहा वर्षांचा मुलगा आईला समजावून सांगत होता, की झाडावर केळ्यांची तोंडं वर असतात. मलाही ते माहीत आहे. बघितल्यावर लगेच आठवलं.
मामा मला म्हणाला, मी बांधावरून सांगत होतो ना.
पिक्चर संपताच मी म्हटलं, चला, निघू या. पण आपल्या दोन रांगांतलं कोणी उठेना. बजावलेलं होतं. ते बसले म्हणून बाकीचेही बसले.
मग आलं. मोठ्या अक्षरात, वेगळ्या ओळीत. केळीबाग सजावट : जितेंद्र रतिलाल, भडगाव. मागे त्याच सीनचा फोटो.
आईने टाळ्या वाजवल्या. एकटीने.

१५ नोव्हेंबर. भडगाव.
पप्पा शब्दाचे पक्के. म्हणाले, नाव दिखनं. आते दुकानवर बस म्हणणार नाही. बसूच नको भो, बठ्ठं गिऱ्हाईक एकजात केळीवालं शे.
दिवसभर विचार केला. संध्याकाळी पप्पांना विचारलं, मागे गोडाऊनमध्ये बसलो तर? तिकडे कोणी येत नाही.
बघू म्हणाले.