कडजाईच्या छताचा आवाज

७ एप्रिल, मंगळवार

दहिवलीच्या साखरपुड्याचा मंडप उतरवला. एका कनातीवर नवरीच्या मामानं मोटार घातली आणि वर मलाच विचारतो, "रस्त्यात मंडप घालतं का कुणी?" हसलो. या धंद्यात हसावंच लागतं.

टेंपो भरत होतो तोच भिकू गुरवाचा फोन. आम्ही एका पाटीवरचे, पण असा रडताना कधी ऐकला नव्हता. "वर ये रं शेठ. देवीनं चोळी टाकली."

गेलो. डोंगरातल्या लेण्यात आमची कडजाई. पिढ्यान् पिढ्या शेंदूर आणि तेल, थरावर थर. ते सगळं कवच एकदम गळून पडलेलं, विटांएवढाले तुकडे. आतून निघाला काळा गुळगुळीत दगड. उलट्या ठेवलेल्या घागरीसारखा गोल, माथ्यावर चौकोन, कमरेला कठड्याची नक्षी. भिकू त्याला फेऱ्या घालत होता.

"तोंड नाय रं हिला. डोळं नायत. मी इतकी वरसं निवद कुणाला दाखवला?"

काय सांगणार. तुकडे गोळा करून लुगड्यात बांधले, रीत आहे तशी. म्हातारी माणसं म्हणतात, पुढचं ओळखून देवी चोळी टाकते. पुढचं म्हणजे काय, ते मात्र कुणी सांगत नाही.

९ एप्रिल, गुरुवार

परत वर. परवापासून एक गोष्ट डोक्यात. तुकडे वेचताना डोक्यावर काहीतरी वाजलं होतं. बारीक. बोट मोडावं तसं.

सायकलला भोंगा बांधून धंदा सुरू केला तेव्हापासूनची सवय, खिळा मारायच्या आधी भिंत ठोकून ऐकायची. भरीव भिंत वेगळी बोलते, पोकळ वेगळी. बांबू घेऊन लेण्याचं छत ठोकलं. दाराशी ठणठणीत. आत सरकत गेलो तसा आवाज बसत गेला. देवीच्या बरोब्बर वर, भद्द. दगडाचा खोलीएवढा पापुद्रा सुटलेला असावा. शेंदूर काही देवीच्या मर्जीनं पडलेला नाही. वरून धक्के बसतायत.

भिकूला सांगितलं, इथे माणसं आणू नको, छत बोलतंय. तो हात जोडून वर बघत राहिला. काय समजला, देवी जाणे.

१४ एप्रिल, मंगळवार

जयंती. कर्जतला मिरवणुकीचा साउंड आपला. गर्दी दणकून, बिघाड नाही.

मिरवणुकीत गौतम सर भेटले. खालच्या वाडीतले, शाळेतून निवृत्त. लेण्यात जाऊन आलेले, डोळे चमकत होते. "शेठ, तो स्तूप आहे. सातवाहनांच्या काळातला. कल्याण बंदराचा माल याच वाटेनं घाट चढायचा. व्यापाऱ्यांनी डोंगर कोरून दिला, भिक्खू पावसाळ्याचे महिने तिथे बसायचे. राजे गेले, तांडे गेले. आमचा स्तूप तुमच्या शेंदरात बुडून राहिला." आमचा, तुमचा. बोलताना त्यांना कळलंही नसेल.

बुद्धपौर्णिमेला आत वंदना घेणार म्हणाले. मी छताचं सांगितलं. तर म्हणाले, "दोन हजार वर्षं टिकलंय ते. आणि आम्ही जायचं म्हटल्यावरच पडणार?" मग हळूच, "भिकूनं पाठवलं का तुम्हाला?"

१९ एप्रिल, रविवार

जे नको होतं तेच. भिकूनं गावभर केलं: देवी बोलती, शेठनं सोत्ता ऐकली. आज नेरळपासून लोक. बायाबाप्ये दगडाला कान लावून रांगेनं उभे. एक बाई पोराला उचलून धरते आणि विचारते, "काय म्हणाली रं आई?" पोरगं म्हणालं, "कट्ट."

माणसांना हाकलायला गेलेल्या माझ्या शब्दांनीच माणसं गोळा होतायत. भिकूवर ओरडलो तर उलटून म्हणतो, "तूच बोललास की बोलतंय! आता पलटी मारतोस व्हय?"

२१ एप्रिल, मंगळवार

दोन्हीकडच्या ऑर्डरी आल्या, दिवस एकच. पौर्णिमेला देवीला नवी चोळी चढवायची, म्हणजे नवा शेंदूर. पौर्णिमेलाच सरांची वंदना. दोघांना बेस मोठा पाहिजे. त्यात १ मे, सुट्टी.

दोघांनाही नाही म्हणालो. या हातांनी त्या छताखाली बेस लावणार नाही.

तालुक्याच्या कचेरीत जाऊन आलो. पाहणीला माणूस पाठवतील, पौर्णिमा झाल्यावर.

२३ एप्रिल, गुरुवार

खालापूरच्या रस्त्याला जैन साध्वी मुक्कामाला आहेत, पायी पुढे जायच्यात. त्यांचा मांडव माझ्याकडे. पांढरं कापड, दिवा नाही, माईक नाही. आवाजानंही जीव दुखावतो म्हणतात. साउंडवाल्यानं हे ऐकून घ्यायचं म्हणजे गंमतच.

त्यांच्यातल्या मोठ्या महाराजसाहेबांना लेण्याचं सहज बोललो. त्यांनी एकच विचारलं. "भाई, तिथे वटवाघळं होती ना? आता आहेत?"

हातातली दोरी तशीच राहिली. लहानपणापासून त्या लेण्यात शिरलं की पहिला तो वास. या वेळी नव्हता. जमीन स्वच्छ. भिकू झाडतो म्हणून असेल, असं धरून चाललो होतो.

"कधी गेली ते विचारा," म्हणाल्या. "आम्ही पाऊल टाकायच्या आधी बघतो कोण राहतं. कोणीच राहत नसेल तर जास्त बघतो."

भिकूला फोन केला. होळीच्या आधीच गेली म्हणाला. "बरं झालं की! देवळात घाण नको."

२५ एप्रिल, शनिवार

आमची ही, सुलभा, गिरणीवरून तणतणत आली. "अहो, तुम्ही लेणं जैनांना विकताय म्हणे! त्यांच्यासाठी रिकामं करून देताय!"

ठसका लागला. पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. भिकूची माणसं हेच म्हणतात, वाडीतली पोरंही हेच. आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत, आणि तेही माझ्यावर. साध्वी तर पुढे चालत गेल्यासुद्धा. मांडवाच्या जागी आता नुसतं मोकळं शेत.

पौर्णिमेच्या साउंडची ऑर्डर खोपोलीच्या एकानं घेतली. त्याचा बेस मला माहीत आहे. जेवणाचं ताट सरकतं.

२७ एप्रिल, सोमवार

शेवटचा इलाज. खाली माळावर फुकट मंडप देतो, दोघांनी तिथे कार्यक्रम करा, आत एकेकानं जाऊन पाया पडा. भिकू आणि सर, दोघांना घरी बोलावून समोरासमोर बसवलं. सुलभानं चहा ठेवला, कुणी कप उचलेना.

भिकू: "चोळी सगळ्या गावासमोर चढवायची असती. बाया ओटी भरत्यात. माळावर काय देवी उतरून येतीय?"

सर: "पुन्हा शेंदूर? मग आम्ही सकाळपासून स्तूपाभोवती बसणार. हात लावून दाखवा."

"बसा की. तुमच्यासकट चोळी चढवू."

म्हणजे आता नक्की. सगळे आत, एकाच वेळी.

२९ एप्रिल, बुधवार

बांधकामावरचे लोखंडी टेकू आणलेत, चार. छताला लावायचे. नुसते नेले असते तर दारातच अडवलं असतं, शेठनं कब्जा घेतला म्हणून. म्हणून सांगितलं, सजावट करतो, माझ्याकडून सेवा. भिकू विरघळला. सर म्हणाले निळं कापड पाहिजे. दोन खांबांना निळं, दोन खांबांना लाल, वर झेंडू. आतला टेकू कुणाला दिसणार नाही. माथ्याशी लाकडी पाचरी ठोकल्या, हातानं घट्ट होतील एवढ्याच. जास्त ठोकायचा धीर झाला नाही.

पाचरी मारताना डोळ्यांत बारीक भुकटी पडली. वर बघायचं टाळलं.

३० एप्रिल, गुरुवार

मी काय करून बसलो. सजावट झकास झालीय. काल कुणीतरी फोटो टाकला, आज दिवसभर लोक. आधी आत शिरायला भ्यायची ती माणसंसुद्धा चार खांबांच्या मधे उभी राहून फोटो काढतायत. बरोब्बर पापुद्र्याखाली. कर्जतची एक वरात नवरा-नवरीसकट चढून आली. नवरी म्हणते, "काका, किती सेफ वाटतं इथे."

कापड फाडून टेकू दाखवले सगळ्यांना. ओरडून सांगितलं, हे का लावलेत ते. भिकू मान हलवून म्हणाला, "बघा, शेठनं आपल्यासाठी छताला आधार दिला. आता कशाला भ्यायचं?" टाळ्या वाजल्या.

१ मे, शुक्रवार. लेण्यातच बसून

उजाडताच आलो. साउंड अजून यायचा आहे. पहिलं काम म्हणून पाचरी तपासल्या. परवा हातानं निघत होत्या. आज चारही टेकूंच्या हलत नाहीत. हातोडीनं मारून पाहिलं. लोखंडाला कान लावला. आतून गुणगुणल्यासारखं काहीतरी येतंय, थांबत नाही. छताचा भार टेकूंवर आला. कालपर्यंत नव्हता.

सरांना फोन लावला, उचलत नाहीत. भिकूनं उचलला, ढोल वाजत होते, ऐकू गेलं नाही की ऐकायचं नव्हतं.

दारातून पायवाट दिसते. एका वळणावर निळे झेंडे, खालच्या वळणावर बाया ओट्या घेऊन. सुलभा पुढेच आहे, हिरवं लुगडं. येऊ नको म्हणालो होतो. म्हणाली, "तुम्ही लावलेत ना खांब? मग?"

टेंपोतल्या खुर्च्या वर ओढून आणल्यात. दारात आडव्या रचतोय, त्यांच्या मागे मी. आत जायचं तर आधी मला उचलावं लागेल. पहिली शिवी भिकूच देणार. देऊ दे. शिव्या देता देता तो दाराबाहेर जितका वेळ उभा राहील, तितका राहू दे.

सर वळणावर थांबलेत, माझ्याकडे बघतायत. हाताच्या इशाऱ्यानं विचारतायत, काय झालं? ढोल अजून वाजतायत, आणि त्यावरून मागे छत बोललं: कट्ट.