मिठाच्या गुळण्या

मंगळवार, ४ मार्च
खळखळ, खळखळ — चाळीस पोरं नळापाशी माना वर करून एकदम गुळण्या करताहेत. कवितेच्या तासाआधी गुरुजींचा दंडकच होता. आधी मिठाचं कोमट पाणी, मग कविता. "गळा मळका असला की शब्द मळतात रे," म्हणायचे. साठ वर्षं होऊन गेली, आवाज अजून कानात आहे.

आज अक्कलदाढ काढली. एकाहत्तराव्या वर्षी! मुलगा म्हणाला, "उशिरा का होईना, आली होती म्हणायची." डॉक्टरीण एवढीशी, चिमणीसारखी. हाताला मात्र जोर. पाऊण तास ओढाताण. मग कापूस चावायला दिला, हातात एक कागद ठेवला, काहीबाही सांगितलं. माझा अर्धा चेहरा बधिर आणि लक्ष खिडकीबाहेरच्या झाडावर.

संध्याकाळी नेहमीसारख्या दणकून गुळण्या केल्या, कवितांची वही काढली. ओठ साथ देईनात. तरी दोन म्हटल्या. नेम मोडला नाही.

बुधवार, ५ मार्च
फारसं दुखत नाही. चिमणीला मनातल्या मनात शाबासकी.

शुक्रवार, ७ मार्च
शाबासकी परत घेतली. कानापर्यंत कळ जाते. ठणकासुद्धा वृत्तात — लगागा लगागा लगागा लगागा. अस्सल भुजंगप्रयात. जन्मभर आवडतं वृत्त, आता नको झालंय. वहीला हात लावला नाही. दवाखान्यात फोन केला तर तिथली बाई म्हणे, "आजोबा, थोडं दुखणारच." थोडं म्हणे!

शनिवार, ८ मार्च
चिमणीनं आरसा घालून पाहिलं. "खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून गेलीय काका, हाड उघडं पडलंय. पहिल्या दिवशी गुळण्या केल्यात का?"
केल्या. मिठाच्याच केल्या. जन्मभर करतोय.
"सांगितलं होतं ना, चोवीस तास करायच्या नाहीत म्हणून?"
मला कुणीही काहीही सांगितलेलं नाही, असं तिथल्या तिथे सुनावलं. शेजारच्या खुर्चीतला माणूस जबडा वासून ऐकत होता. तिनं लवंगेच्या वासाचं औषध खड्ड्यात भरलं आणि म्हणाली, "सोमवारी या, बदलावं लागेल." गेलो तर खरा! आपली चूक म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायची आणि वर "काका, काका".

रविवार, ९ मार्च
दवाखान्याच्या मालकांना, म्हणजे मोठ्या डॉक्टरांना, पत्र लिहिलं. 'कोणतीही सूचना देण्यात आली नाही' — खाली दोन रेघा. बऱ्याच वर्षांनी हात असा झरझर चालला.
सूनबाई म्हणाली, "बाबा, एकदा नीट आठवून बघा ना. बिचारीच्या पोटावर पाय यायचा."
आणि माझ्या जबड्यावर आला त्याचं काय?

सोमवार, १० मार्च
मुलानं ऑफिसला जाता जाता पत्र दिलं. मी औषध बदलायला गेलो नाही. दुपारी मोठ्या डॉक्टरांचाच फोन. "काका, आम्ही गंभीर दखल घेतलीय. त्या डॉक्टरबाई नवीनच होत्या. उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलंय."
जिंकलो. ठणका तेवढाच.

मंगळवार, ११ मार्च
मन रमेना म्हणून आठवड्याने वही उघडली. दाढ काढली त्या संध्याकाळी जिथे थांबलो होतो, तिथे खूण म्हणून घडी घातलेला कागद. दवाखान्याचा. छापील सूचना. तिसरीखाली लाल शाईची रेघ आणि शेजारी बारीक, गोल अक्षरात — 'काका, हे नक्की पाळा. उद्या संध्याकाळपर्यंत गुळण्या नाहीत.'
पुन्हा पुन्हा वाचलं. अक्षर गुरुजींना आवडलं असतं.
सूनबाईला दाखवलं नाही. मोठ्या डॉक्टरांना फोन करायला हवा. उद्या.

बुधवार, १२ मार्च
सकाळपासून तीनदा नंबर फिरवला, तीनदा ठेवला. चौथ्यांदा हात पुढे केला आणि बेल वाजली. दारात चिमणी. खांद्याला पिशवी. चपला काढत म्हणाली, "सोमवारी फिरकला नाहीत असं कळलं. चार दिवस तेच औषध राहिलं तर खड्डा चिघळेल काका. उजेडात बसा."
मी म्हटलं, "बाई, तो कागद —"
"बोलू नका," ती म्हणाली. "आधी तोंड उघडा."