खिडकीवरची राख

रविवार, संध्याकाळ

आज गॅलरीत सामूहिक प्रदर्शन सुरू झालं. माझं चित्र एकच, कोराडीच्या वीज केंद्राजवळच्या आमच्या क्वार्टरची खिडकी, खालच्या पट्टीवर चिमण्यांमधून उडून आलेली राख. त्या राखेचा रंग मला कुणी शिकवला नाही, पांढऱ्यात किंचित काळा आणि नावापुरता निळा, माझा मी शोधला. आयोजक म्हणाले, तेवढा भाग मळका दिसतो, उद्या उजळ करून द्या.

मळका? दुपारभर तेच डोक्यात. खरंच चुकलो का? करून टाकावा उजळ?

मग आमच्या कॉलनीतल्या शोभावहिनी आल्या, नवऱ्यासोबत. चित्रापुढे बोलता बोलता त्यांनी पदराचं टोक धरलं आणि खिडकीची पट्टी पुसली. रोज सकाळी घरची पुसतात तशी.

नवरा म्हणाला, "काय करून राहिली वं? चित्र आहे ना ते."

"मले वाटलं, इथंही उडत आली." मग माझ्याकडे वळून, "काहून भाऊजी, घरी पुसतो तेवढी पुरत नाही का?"

रंग वाळला होता म्हणून निभावलं. आयोजकांना तिथेच सांगितलं, राखेला हात लावणार नाही. ते हसून म्हणाले, राहू द्या.

पुढचं चित्र दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीचं. पांढऱ्यावरची राख जमेल? जमेल.