जमिनीला न टेकलेली बाटली

पाराकास, रविवार

माझ्या आईला निल्दाचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, खोकलाही जवळजवळ गेलाय. सकाळी पाहुण्यांना होडीतून बेटांवरचे समुद्रसिंह दाखवायचे आणि दुपारी गाडीतून वाळूच्या टेकड्यांवर फिरवायचं, हेच रोजचं काम.

आपल्या गावच्या तळ्यात समुद्राचं पाणी ओतलं की पाऊस येतो, म्हणून तू ते मागितलं होतंस. आज बेटामागे बाटली भरली. जो भरेल त्यानेच ती न्यायची आणि वाटेत जमिनीला टेकवायची नाही, हे विसरले नाही. म्हणून वाळवंटातही ती गळ्यातच होती. उतारावर गाडी एका बाजूला कलली, तेव्हा मी गाडीची दांडी सोडून बाटली धरली. ड्रायव्हर फोर्तुनातो ओरडला, "अगं बये, जीव सांभाळ! त्यात काय पेंग्विन पाळलायस?" सगळे हसले. घाबरू नकोस, पट्टा लावलेला असतो.

काळी मेंढी व्याली का? बटाटे अजून पावसावाचूनच आहेत का?

हंगाम संपेपर्यंत मालक सुट्टी देणार नाही. तोवर बाटली खोलीत खिळ्याला टांगलीय. ती अजून कुठे टेकलेली नाही, आई. मीही नाही.

तुझीच,
निल्दा